दोन रुपयांचे निर्माते

दिवाळीच्या फराळाबरोबर हल्ली घरोघर आणखी एक गोष्ट येऊ लागली आहे. कोणाचा तरी भाचा, कोणा मैत्रिणीची मुलगी, किंवा एके काळी वाड्यातल्या गणपतीपुढे नारदाचे सोंग घेणारा शेजारचा मुलगा मोबाईलवर निरोप पाठवतो: ‘मी एक लघुपट काढीत आहे. सहा लाख रुपये लागणार आहेत. सोबतच्या लिंकवर जाऊन जमेल तेवढा हातभार लावावा. पाचशे रुपये देणाऱ्याचे नाव पडद्यावर येईल. पाच हजार देणाऱ्यास चित्रीकरण पाहावयास बोलावू.’

मग घरात चर्चा सुरू होते. आजोबा चष्मा कपाळावर सरकवून म्हणतात, “म्हणजे वर्गणीच की! मग पावती कुठे आहे?” वडील विचारतात, “पैसे परत किती मिळणार, आणि कधी?” आणि स्वयंपाकघरातून आईचा आवाज येतो, “मुलगा कोणाचा आहे?”

वरवर पाहता आईचा प्रश्न सर्वांत अव्यवहारी. परंतु या प्रकाराची जसजशी अधिक माहिती घ्यावी, तसतसे वाटू लागते, की खरा व्यवहार तिलाच कळला आहे. पैसे देणारा येथे दाता नसतो, कारण बदल्यात काहीतरी मिळण्याचे वचन असते. तो गिऱ्हाईकही नसतो, कारण जी वस्तू तो विकत घेतो ती अजून जन्मालाच आलेली नसते. आणि भागीदार तर तो नसतोच. तो एका माणसाच्या शब्दावर पैसे ठेवतो. तेव्हा तो शब्द कोणाचा, हे विचारायला नको काय?

इंग्रजीत या पद्धतीला ‘क्राउडफंडिंग’ असे नाव आहे. मराठीत कोणी ‘लोकनिधी’ म्हणतात, कोणी ‘समूहनिधी’. मला स्वतःला आजोबांचा ‘वर्गणी’ हा शब्द पुरेसा वाटतो. नवीन आहे ती फक्त पेटी. हंडीत नाणी टाकण्याऐवजी आता बोटाने पडद्यावर टिचकी मारावयाची.

ही पेटी चालते कशी, ते थोडक्यात सांगतो. तिची सर्वांत प्रसिद्ध आवृत्ती म्हणजे न्यूयॉर्कची ‘किकस्टार्टर’ ही कंपनी. ती २००९ च्या एप्रिलमध्ये सुरू झाली. एखाद्याला पुस्तक छापावयाचे असते, गाण्यांचा संच काढावयाचा असतो, चित्रपट करावयाचा असतो. तो आपली योजना तेथे मांडतो, किती रक्कम हवी ते सांगतो आणि मुदत ठरवतो. ती साठ दिवसांपलीकडे जाता कामा नये. लोक आकडे घालू लागतात. मुदतीच्या आत ठरलेली सर्व रक्कम जमली तर पैसे त्याच्या हाती पडतात आणि कंपनी शेकडा पाच कापून घेते. एक रुपया जरी कमी पडला तरी कोणाच्याच खात्यातून काही जात नाही. सारा बेत मोडतो.

हा नियम प्रथम ऐकताना निर्दय वाटतो. नव्वद टक्के जमले होते, तेवढे तरी द्यायचे! पण जरा विचार केला म्हणजे त्यातले शहाणपण ध्यानात येते. नव्वद टक्के पैशांत नव्वद टक्के चित्रपट निघत नाही. निघतो तो अर्धवट चित्रपट, आणि तो कोणाच्याच कामाचा नसतो. उलट दिग्दर्शक कर्जात जातो आणि देणारे शिव्या देतात. तेथे मांडलेल्या योजनांपैकी निम्म्याहून कमीच सिद्धीस जातात, शेकडा चाळीसच्या आसपास. म्हणजे बहुतेकांचा बेत मोडतो तो आरंभीच, कोणाचेही पैसे न बुडता.

अशी पेटी निघण्यापूर्वीच काही हौशी मंडळींनी ही वाट पाडली होती. ‘मॅरिलियन’ नावाचा एक ब्रिटिश वाद्यवृंद आहे. १९९७ मध्ये त्यांना अमेरिकेचा दौरा परवडेना, तेव्हा तिकडच्या चाहत्यांनी आपण होऊन इंटरनेटवरून सुमारे ६० हजार डॉलर गोळा केले आणि त्यांना बोलावून घेतले. पुढे २००१ च्या त्यांच्या संचासाठी १२ हजारांहून अधिक चाहत्यांनी, एक सूरही ऐकला नसताना, आगाऊ पैसे भरले. न्यूयॉर्कच्या मारिया श्नायडर या संगीतकार बाईंनी आपला ‘कॉन्सर्ट इन द गार्डन’ हा संच रसिकांच्याच पैशांवर काढला. तो दुकानांत विक्रीला न ठेवताही त्याला २००५ मध्ये ग्रॅमी पारितोषिक मिळाले.

आता अमेरिकेहून जरा घरी येऊ.

आपल्याकडे या गोष्टीला मोठी परंपरा आहे, आणि तिचा आपल्यालाच विसर पडला आहे. जुनी मराठी पुस्तके ज्यांनी चाळली असतील त्यांना ‘आश्रयदात्यांची’ नावे छापलेली पाने आठवतील. पुस्तक छापण्यापूर्वी वर्गणीदार जमवावयाचे, त्यांच्या पैशांत कागद आणावयाचा, आणि मग त्यांची नावे कृतज्ञतेने छापावयाची, अशी ती रीत होती. तळेगावचा काचकारखाना हाही असाच पैशापैशाने उभा राहिला. अंताजी दामोदर काळे यांनी प्रत्येकाकडून एक पैसा मागून ‘पैसा फंड’ जमवला आणि १९०८ मध्ये त्यातून कारखाना निघाला. तो कलेचा प्रांत नव्हे, हे खरे. पण ‘एक पैसा द्या’ म्हणून दारात उभे राहणाऱ्या माणसाला महाराष्ट्राने नकार दिला नव्हता, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

कलेच्या नव्हे तरी विद्येच्या प्रांतातला सर्वांत धाडसी प्रयोग डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांचा. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाची डॉक्टरेट घेऊन आलेल्या या विद्वानाने मनात आणले, की मराठीत ज्ञानकोश झाला पाहिजे. सरकार परके, संस्थानिकांच्या आश्रयाला मर्यादा, प्रकाशक तर असल्या कामाच्या जवळपासही फिरकणार नाहीत. केतकरांनी नागपुरास मंडळी काढली, तिचे भाग विकले आणि गावोगाव वर्गणीदार गाठले. ज्याचा पहिला खंडही बाहेर पडलेला नाही अशा ग्रंथासाठी वकील, मास्तर, मामलेदार यांच्याकडून आगाऊ पैसे मागावयाचे! १९२० पासून खंड बाहेर पडू लागले आणि ते सारे मिळून तेवीस झाले.

या केतकरांनी पुढे ‘माझे बारा वर्षांचे काम’ या नावाचे एक पुस्तक लिहिले. ज्ञानकोश कसा घडला, पैसा कसा उभारला, माणसे कशी भेटली, हे त्यात त्यांनी मांडले. आपल्या विद्वत्तेचे गोडवे गाण्यापेक्षा कामाची हकीकत सांगणे त्यांना महत्त्वाचे वाटले, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. ज्यांच्या पैशावर काम झाले त्यांना ते कसे झाले हे कळले पाहिजे! आज इंटरनेटवर योजना मांडणाऱ्या तरुणांपैकी किती जणांनी ते पुस्तक पाहिले असेल, कोण जाणे. पाहण्याजोगे मात्र आहे.

आणि चित्रपटाच्या बाबतीत तर, पैशाचे दार कसे उघडावयाचे, हा प्रश्न आपल्याकडे पहिल्या दिवसापासून आहे. दादासाहेब फाळक्यांनी १९१३ चा ‘राजा हरिश्चंद्र’ काढण्यासाठी विम्याची पॉलिसी गहाण टाकली, सरस्वतीबाईंचे दागिने गेले, हे सर्वांना ठाऊक आहे. त्यानंतरच्या शंभर वर्षांत किती दिग्दर्शकांच्या घरचे दागिने याच वाटेने गेले, त्याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही. सावकाराकडे जावे तर तो व्याजाबरोबर नाचगाणेही मागतो. घरचे विकावे तर बायकोमुलांच्या तोंडचा घास जातो. तिसरी वाट म्हणजे पुष्कळांकडून थोडे थोडे घेणे. ही वाट एकाने फार मोठ्या प्रमाणावर चालून दाखवली.

गुजरातेतले पाच लाख

१९७६ मध्ये श्याम बेनेगल यांचा ‘मंथन’ हा हिंदी चित्रपट निघाला. गिरीश कार्नाड, स्मिता पाटील, नसीरुद्दीन शहा ही त्यातील प्रमुख मंडळी. पटकथा विजय तेंडुलकरांची, आणि छायाचित्रण गोविंद निहलानींचे. मुंबईच्या दूरदर्शनवर बातम्या देणारी आपली स्मिता त्यात खेड्यातली दूधवाली बिंदू झाली आहे, आणि आजही ती भूमिका पाहताना ही मुलगी शहरातली आहे यावर विश्वास बसत नाही. पण नटनट्यांची नावे येण्यापूर्वी पडद्यावर एक ओळ येते. त्या ओळीचा अर्थ असा: गुजरातेतील पाच लाख शेतकरी हा चित्रपट सादर करीत आहेत.

त्यात अलंकार काही नाही. अक्षरशः तसेच घडले होते. बेनेगलांनी त्यापूर्वी दुधाच्या सहकारी चळवळीवर माहितीपट केला होता. माहितीपट पाहून ज्यांना आधीच पटलेले असते त्यांनाच पुन्हा पटते; सर्वसामान्य प्रेक्षकापर्यंत ही गोष्ट न्यावयाची तर पूर्ण लांबीचा कथापट हवा, असे त्यांच्या मनात आले. अंदाजे खर्च दहा लाख रुपये. ते आणावयाचे कोठून? आणंदचे डॉ. व्हर्गीस कुरियन यांनी तोड काढली. दूध संघाचे सभासद रोज सकाळ-संध्याकाळ संस्थेत दूध घालतात आणि त्याचे पैसे नेतात. प्रत्येकाने एका वेळच्या पैशांतून दोन रुपये कमी न्यावेत. पाच लाख सभासद, दोन रुपये प्रत्येकी, दहा लाख रुपये. हे गणित तिसरीतल्या मुलालाही सुटेल. सुचावयाला मात्र कुरियन लागले.

चित्रपट लागला तेव्हा ट्रक भरभरून गावेच्या गावे तो पाहावयास लोटली. स्वतः काढलेला चित्रपट पाहावयाचा नाही तर कोणाचा? त्याला उत्कृष्ट हिंदी चित्रपटाचे राष्ट्रीय पारितोषिक मिळाले, आणि तेंडुलकरांना पटकथेचे मिळाले. पुढे त्याच्या प्रती घेऊन सहकाराचे कार्यकर्ते दुसऱ्या मुलखांतील खेड्यांत फिरले. आधी चित्रपट दाखवावयाचा आणि मग संस्था कशी काढावी ते सांगावयाचे!

ही कथा क्राउडफंडिंगवरच्या प्रत्येक भाषणात सांगितली जाते, आणि बहुधा चुकीच्या अर्थाने. ‘पाहा, लोकांकडे मागितले की लोक देतात!’ असा तिचा बोध काढला जातो. परंतु हे पाच लाख लोक म्हणजे रस्त्यावरची गर्दी नव्हती. प्रत्येकाचे नाव संस्थेच्या वहीत होते. दर दिवशी त्याचे दूध मोजले जात होते, स्निग्धांश तपासला जात होता, आणि हिशेबाप्रमाणे पैसे हातावर पडत होते. हा विश्वास वर्षानुवर्षे रोज दोनदा, अर्ध्या लिटरच्या मापाने जमत आला होता. म्हणून एके दिवशी दोन रुपये कमी मिळाले तरी कोणी आरडाओरडा केला नाही. मुलगा कोणाचा आहे, हा प्रश्न त्या गावांतून कोणाला पडलाच नसावा. उत्तर वहीत होते.

वही नसताना काय करावे लागते, ते केरळात जॉन अब्राहम या दिग्दर्शकाने दाखवले. १९८४ मध्ये मित्रांसह त्याने ‘ओडेसा’ नावाचा गट काढला. ही मंडळी गावोगाव चार्ली चॅप्लिनचा ‘द किड’ दाखवीत आणि खेळानंतर झोळी फिरवीत. नाण्यानाण्याने जमलेल्या पैशांतून १९८६ मध्ये ‘अम्म अरियान’ हा चित्रपट तयार झाला. पुढच्याच वर्षी जॉन अब्राहम वारला. तो चित्रपट आज भारतीय चित्रपटाच्या इतिहासात मानाने गणला जातो. पण अशी पायपीट करणारी माणसे दर पिढीत किती निघणार? आणि संसार असणाऱ्याने ती कशी करावी?

इंटरनेटने सोय केली ती नेमकी येथे. पूर्वी दोन रुपये पाठवावयाचे म्हटले तरी मनिऑर्डरची हशील, रांग आणि पोस्टमनची वाट पाहणे आले. २०१६ पासून यूपीआय आले आणि चहाच्या टपरीवर दहा रुपये देण्याइतकेच सोलापूरहून सातासमुद्रापलीकडे नव्हे, तरी निदान चेन्नईच्या एखाद्या दिग्दर्शकाला पन्नास रुपये पाठवणे सोपे झाले. अल्प रक्कम पाठवण्यास खर्च लागत नाही, एवढ्यावरच ही सारी पद्धत उभी आहे.

त्याहीपूर्वी, २०११ साली प्रदर्शित झालेल्या ‘आय ॲम’ या चित्रपटासाठी ओनीर या दिग्दर्शकाने फेसबुकवरून चारशेहून अधिक लोकांचे साहाय्य मिळवले होते. त्याला पुढे राष्ट्रीय पारितोषिकही मिळाले. पण ज्याचा खरा बोलबाला झाला तो कन्नड ‘लुसिया’. पवनकुमार या तरुण दिग्दर्शकाची पटकथा निर्मात्यांना पसंत पडेना. चिडून त्याने आपल्या ब्लॉगवर एक लेख लिहिला आणि मनातले सगळे ओकून टाकले. वाचकांनी उलट विचारले, मग आम्हीच पैसे दिले तर? सत्तावीस दिवसांत ५१ लाख रुपये जमले. २०१३ मध्ये चित्रपट निघाला, लंडनच्या भारतीय चित्रपट महोत्सवात प्रेक्षकांनी तो सर्वोत्कृष्ट ठरवला, आणि २०१५ मध्ये त्याची तमिळ आवृत्तीही आली.

मात्र येथेही गणित करून पाहावे. पैसे देणारे होते ११०. म्हणजे प्रत्येकी सरासरी सेहेचाळीस हजारांहून अधिक पडले. ही काही दोन रुपयांची गर्दी नव्हे. हे बऱ्यापैकी कमावते, चित्रपटवेडे लोक होते आणि त्यांनी जोखीम जाणून पैसे घातले. ‘लुसिया’चे यश खोटे ठरवण्याचा यात हेतू नाही. पण ‘मंथन’ आणि ‘लुसिया’ यांना एकाच दावणीला बांधून तरुणांना उत्साह देणाऱ्यांनी हा फरक सांगितला पाहिजे. नाहीतर सहा लाखांची अपेक्षा करून बसलेल्या मुलाला महिनाअखेर आत्या, मावशी आणि तीन वर्गमित्र यांचे मिळून साडेअकरा हजार दिसतात आणि त्याला वाटते, की आपली कलाच खोटी.

पैसे आल्यानंतर

पैसे न मिळण्यात जेवढे दुःख आहे, तेवढीच पंचाईत ते मिळण्यात आहे. अमांडा पामर या अमेरिकन गायिकेने २०१२ मध्ये किकस्टार्टरवर एक लाख डॉलर मागितले. आले जवळजवळ बारा लाख! देणारे होते पंचवीस हजारांच्या आसपास. वृत्तपत्रांनी तिला डोक्यावर घेतले. काही महिन्यांनी ती दौऱ्यावर निघाली आणि गावोगावच्या वादकांना तिने आवाहन केले, की माझ्याबरोबर वाजवावयास या. मोबदल्यात बिअर मिळेल आणि प्रेमाची मिठी मिळेल. झाले! बारा लाख डॉलर मिळवणाऱ्या बाईने गरीब वादकांना फुकट राबवावे? चोहोकडून टीका झाली. अखेर तिने वादकांना पैसे देण्याचे जाहीर केले. जमलेला पैसा कोठे कोठे जातो, हेही तिने जाहीरपणे मांडले होते. पण लोकांचा राग हिशेबावर नव्हताच. लोकांनी तिला आपली मानले होते, आणि आपल्या माणसाचे वागणे लोक जरा जास्तच बारकाईने पाहतात.

सावकाराला व्याज फेडले की त्याचे तोंड दिसत नाही. पंचवीस हजार आश्रयदाते मात्र कायमचे पाठीशी बसतात. ‘स्वतंत्र’ कलावंताचे स्वातंत्र्य कोठे संपते, ते अशा वेळी कळते.

दुसरी अडचण उशिराची. एथान मोलिक नावाचे अमेरिकन प्राध्यापक या विषयाचा अनेक वर्षे अभ्यास करीत आले आहेत. त्यांनी पाहिलेल्या योजनांपैकी तीन चतुर्थांशांहून अधिक ठरल्या वेळेपेक्षा उशिरा पूर्ण झाल्या. मात्र २०१५ मध्ये किकस्टार्टरच्या पाठिराख्यांना विचारून त्यांनी आणखी एक पाहणी केली. तीत दिलेले वचन साफ न पाळणाऱ्या योजना शेकडा नऊच निघाल्या. हा आकडा मला तरी आशादायक वाटतो. ज्यांना आपण कधी पाहिले नाही, पाहण्याचा संभव नाही, अशा शंभर माणसांपैकी एक्याण्णव जण उशिरा का होईना शब्द पाळतात! आपल्या नात्यागोत्यात उसन्या दिलेल्या पैशांचा अनुभव याहून बरा आहे काय, हे ज्याचे त्याने पाहावे.

तिसरा धोका अधिक वाईट, कारण त्यात कलावंताचा काही दोष नसतो. २००९ मध्ये ‘प्लेजम्युझिक’ नावाची ब्रिटिश कंपनी निघाली. संगीतप्रेमींनी तिच्यामार्फत कलावंतांना पैसे द्यावेत, अशी योजना. दहा वर्षांत ती नावारूपाला आली आणि २०१९ मध्ये बुडाली. बुडाली तेव्हा रसिकांनी दिलेले पैसे कलावंतांपर्यंत पोहोचलेलेच नव्हते. कित्येक गायक-वादकांच्या पदरी एकीकडे न मिळालेले पैसे आणि दुसरीकडे वचन पुरे करण्याची जबाबदारी अशी दुहेरी आपत्ती आली. काहींनी पदरमोड करून संच पाठवले. मधल्या माणसाची पेटी कोणाच्या कुलपात आहे, हे देणाऱ्यानेही विचारले पाहिजे आणि घेणाऱ्याने तर आधी विचारले पाहिजे.

वडिलांच्या प्रश्नाचे उत्तर अद्याप राहिले आहे. पैसे परत मिळतील का? आपल्याकडे अशा संकेतस्थळांवर पुस्तक, तिकीट, संच, श्रेयनामावलीत नाव एवढेच मिळू शकते. नफ्यात वाटा मिळत नाही. खाजगी कंपनीला वर्षाला दोनशेपेक्षा अधिक माणसांपुढे आपले भाग ठेवता येत नाहीत, असा कंपनी कायद्याचा नियम आहे. सेबीने २०१४ च्या जूनमध्ये लोकनिधीबद्दल विचारार्थ एक मसुदा प्रसिद्ध केला होता, पण सामान्य माणसाने इंटरनेटवरून एखाद्या चित्रपटाचे पाचशे रुपयांचे भाग घ्यावेत, अशी वाट त्यातून मोकळी झाली नाही. आयकराची सवलतही नोंदलेल्या धर्मादाय संस्थांना दिलेल्या देणगीवर असते; भाच्याच्या लघुपटावर नसते. जो कोणी दामदुप्पट परताव्याची भाषा करील त्याला लांबूनच नमस्कार करावा.

आता सर्वांत नाजूक गोष्ट. आपल्या देशात ‘केटो’, ‘मिलाप’ अशी जी मोठी संकेतस्थळे आहेत, त्यांवर आज प्रामुख्याने दिसतात ती आजाऱ्यांची आवाहने. नळ्या लावलेले तान्हे मूल, यकृताची शस्त्रक्रिया, पंधरा लाख रुपये, चार दिवस उरलेले. हे चित्र ज्या पडद्यावर दिसते त्याच पडद्यावर, क्षणभरानंतर, एक तरुणी म्हणते, मला कोकणातल्या नमन-खेळ्यांवर माहितीपट करावयाचा आहे. तिला पैसे देताना हात अडखळतो. त्या मुलाला न देता हिला द्यावयाचे? आणि तिलाही मागताना लाज वाटते. कलेसाठी मागणे म्हणजे चैनीसाठी मागणे, असे तिला स्वतःलाच वाटू लागते. मी अशा अनेक योजनांचे मजकूर वाचले आहेत. त्यांत कलेविषयी आत्मविश्वासाने दोन शब्द लिहिण्याऐवजी मुले आपल्या घरच्या अडचणी सांगू लागतात, कारण दयेखेरीज हात खिशात जाणार नाही, अशी त्यांची खात्री झालेली असते. यासारखी वाईट गोष्ट नाही.

माझे मत असे, की हे दोन खर्च एका खिशातून करूच नयेत. आजाऱ्याला द्यावयाचे ते दानाच्या डब्यातून द्यावे, आणि कलेला द्यावयाचे ते करमणुकीच्या डब्यातून. चौघांचे कुटुंब मल्टिप्लेक्सला जाते तेव्हा तिकिटे आणि मध्यंतरातील लाह्या मिळून किती खर्च येतो, हे प्रत्येक गृहिणीला तोंडपाठ असते. चित्रपट भिकार निघाला तर आपण चार शिव्या हासडतो आणि जेवून झोपतो. कोणी फसवले म्हणून पोलिसांत जात नाही. वर्षातून एक वेळ तेवढीच रक्कम एखाद्या न झालेल्या चित्रपटाला, न छापलेल्या पुस्तकाला, न झालेल्या नाटकाला द्यावी. बुडाले तर एक भिकार चित्रपट पाहिला, असे समजावे.

पण देण्यापूर्वी आईचा प्रश्न विचारावा, आणि नीट विचारावा. मुलगा कोणाचा, याचा अर्थ त्याचे कूळ आणि आडनाव नव्हे. त्याने यापूर्वी लहानसे का होईना, काही पुरे केले आहे काय? सहा लाखांत कॅमेऱ्याचे भाडे किती, जेवणखाण किती, संकलकाचे किती, हे त्याने लिहिले आहे, की नुसतेच ‘स्वप्नाला पंख द्या’ म्हटले आहे? ज्या पोरांच्या मजकुरात पंख, उड्डाण, आकाश वगैरे शब्द फार आणि जेवणखाणाचा आकडा नाही, त्यांच्याविषयी मी जरा सावध असतो. चित्रीकरणावर पन्नास माणसे जेवतात. ज्याला ते माहीत नाही त्याने चित्रीकरण पाहिलेले नाही. आणि पैसे घेतल्यानंतर तो गप्प तर बसत नाही ना? महिन्या-दोन महिन्यांनी, काम अडले असले तरी, ‘काम अडले आहे’ असे कळवणारा मुलगा भरवशाचा. उशीर सगळ्यांनाच होतो.

नावे छापण्याची जुनी रीत मात्र कोणी सोडू नये. १८८५ मध्ये न्यूयॉर्कच्या स्वातंत्र्यदेवतेचा पुतळा फ्रान्सहून येऊन पडला, आणि त्याच्या चौथऱ्याला पैसे नाहीत, अशी स्थिती झाली होती. जोसेफ पुलित्झर यांनी आपल्या ‘वर्ल्ड’ या दैनिकातून आवाहन केले आणि वचन दिले, की देणगी कितीही लहान असो, नाव छापले जाईल. एक लाखाहून अधिक माणसांनी मिळून एक लाख डॉलरच्या वर पैसे दिले. बहुतेकांची देणगी एक डॉलरपेक्षाही कमी होती. दैनिकाचा खपही वाढला, हे सांगावयास नकोच. पुलित्झर काही संत नव्हते!

‘मंथन’च्या पाच लाखांची नावे पडद्यावर मावणे शक्य नव्हते, तेथे एका ओळीत काम भागले. त्या चित्रपटाची मूळ निगेटिव्ह पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात होती. काळाने तिची हानी झाली होती. फिल्म हेरिटेज फाउंडेशन या मुंबईच्या संस्थेने चेन्नई आणि इटलीतील बोलोन्या येथे तिची दुरुस्ती करवली, आणि २०२४ च्या मे महिन्यात कान महोत्सवात ‘मंथन’ नव्याने दाखवला गेला. नसीरुद्दीन शहा तेथे हजर होते. जूनच्या आरंभी तो भारतातील चित्रपटगृहांतही लागला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये श्याम बेनेगल गेले. या दुरुस्तीचा खर्च कोणी दिला? गुजरातच्या त्याच सहकारी दूध विक्री महासंघाने. त्याच्या सभासदांची संख्या आता छत्तीस लाखांच्या घरात गेली आहे.